वेड्यांच्या इस्पितळांतील धर्मविद्यालय

रोग्याची नाडी कधीं हातीं न धरतां ज्यानें केवळ निदानग्रंथ पाठ केला, त्यास कोणी वैद्य म्हणत नाहीं. न्यायालयाची पायरी न चढलेल्या मनुष्यास, त्यानें कायद्याचीं कितीहि पुस्तकें घोकलेलीं असोत, कोणी आपला खटला सोंपवीत नाहीं. परंतु शोकानें, पश्चात्तापानें किंवा भयानें ज्याचें मन मोडलें आहे अशा मनुष्यास धीर देण्याचें काम परंपरेनें ज्याच्याकडे आलें, त्या धर्मोपदेशकाची परीक्षा मात्र शतकानुशतकें ग्रंथांवरूनच होत आली. युरोप व अमेरिका येथील ख्रिस्ती मंडळ्यांत या उणिवेचा विचार पुष्कळ झालेला आहे. उपदेशकानें सामान्य विद्या संपवून पदवी मिळविल्यावर आपल्या कामासाठीं पुढें काय शिकावें, या एका प्रश्नास वाहिलेलें असें एक शास्त्रच तेथें आहे. मंडळीचा पुढारी हा मेंढपाळ व मंडळी हा त्याचा कळप, या जुन्या रूपकावरून त्या पुढाऱ्यास पाळक म्हणतात, आणि त्याच्या शास्त्रास पाळकीय ईश्वरविज्ञान हें नांव आहे. या शास्त्राच्या इतिहासांतील एक प्रकरण आम्ही येथें वाचकांपुढें मांडणार आहोंत. ज्याच्यामुळें या शिक्षणाची दिशा बदलली तो मनुष्य वेड्यांच्या इस्पितळांत रोगी म्हणून पंधरा महिने राहिलेला होता, आणि जें त्यानें शिकविलें त्याचा पहिला पाठ त्यास तेथेंच मिळाला होता.

प्रथम मागील हकीकत थोडक्यांत सांगणें अवश्य आहे. पहिला ग्रेगरी हा इ. स. ५९० मध्यें रोम येथें पोपच्या आसनावर बसला, व त्याच सुमारास त्यानें मंडळीच्या पुढाऱ्यांसाठीं पाळकाच्या कर्तव्यावर एक लॅटिन ग्रंथ रचला. ग्रंथाचा मोठा भाग एकाच गोष्टीस दिलेला आहे. ती ही कीं, कोणत्या मनुष्यास कोणत्या रीतीनें बोध करावा. श्रीमंतास एक बोध व दरिद्र्यास दुसरा, आनंदी मनुष्यास एक व खिन्न मनुष्यास दुसरा, अशा जोड्या लावून त्यानें मनुष्यस्वभावांची मोठी यादी दिली आहे. जें औषध एकास उतार पाडतें तेंच दुसऱ्यास बाधतें, हा वैद्यांचा अनुभव त्यानें उपदेशकांपुढें ठेवला. इंग्लंडचा राजा आल्फ्रेड यानें नवव्या शतकाच्या अखेरीस या ग्रंथाचें आपल्या लोकांच्या भाषेंत भाषांतर केलें व त्याच्या प्रती बिशपांकडे धाडल्या. तात्पर्य, पाळकाच्या विद्येचा आद्य विषय मनुष्य हाच होता.

पुढें संस्था निघाल्या. ट्रेंट येथील धर्मपरिषदेनें १५६३ सालीं प्रत्येक बिशपच्या प्रदेशांत धर्मगुरूंच्या शिक्षणासाठीं विद्यालय असावें असा ठराव केला. प्रॉटेस्टंट देशांत हें काम बहुतांशीं विद्यापीठांकडे राहिलें. आणि बर्लिनचें विद्यापीठ १८१० सालीं उघडलें, तेव्हां ईश्वरविज्ञानास तेथें जागा असावी कीं नाहीं हाच मुळीं प्रश्न होता. त्याचें उत्तर श्लायरमाखर या पंडितानें १८११ सालच्या एका लहानशा पुस्तकांत दिलें. त्याचें म्हणणें असें कीं, कायदा व वैद्यक यांप्रमाणेंच ईश्वरविज्ञान हेंहि समाजाचें एक प्रत्यक्ष काम चालविण्यासाठीं एकत्र आणलेलें ज्ञान आहे. मंडळीचें नेतृत्व हें तें काम होय. तो हेतु काढून घेतला, तर या शास्त्राचे तुकडे होऊन कोणी इतिहासांत, कोणी भाषाशास्त्रांत व कोणी तत्त्वज्ञानांत जाऊन मिळतील. म्हणून या विद्येच्या व्यावहारिक शाखेस त्यानें मुकुटाची उपमा दिली. अमेरिकेंत अँडोव्हर येथें १८०८ सालीं जें विद्यालय सुरू झालें, त्यानें महाविद्यालयाची पदवी घेतलेल्यांसाठीं धर्मशिक्षणाचा स्वतंत्र अभ्यासक्रम आंखला, व पुढें तोच नमुना इतरांनीं उचलला.

हिब्रू, ग्रीक, मंडळीचा इतिहास, सिद्धांत, व्याख्यानकला असा हा क्रम होता, आणि त्यांतून मोठे विद्वान् निपजले यांत शंका नाहीं. परंतु मुकुटाचा मान ज्या विषयास दिला, त्याचें पान प्रत्यक्षांत पंक्तीच्या शेवटीं मांडलें गेलें. प्रवचन कसें करावें, विवाहविधि कसा लावावा, आजाऱ्याच्या घरीं किती वेळ बसावें, अशा सूचनांपलीकडे हा विषय बहुधा जात नसे. शिकलेला पाळक घरोघर जाई तेव्हां त्याच्याजवळ सर्व प्रश्नांचीं उत्तरें असत. फक्त समोरच्या मनुष्याचा प्रश्न कोणता, हें ओळखण्याचें शिक्षण त्यास मिळालेलें नसे.

अशाच क्रमांतून बाहेर पडलेला एक विद्यार्थी अँटन बॉयझन हा होय. त्याचा जन्म १८७६ सालीं इंडियाना प्रांतांतील ब्लूमिंग्टन गांवीं झाला. बाप जर्मन, तेथील विद्यापीठांत भाषांचा अध्यापक. मुलगा सात वर्षांचा असतांच तो वारला. बॉयझन १८९७ सालीं पदवीधर झाला, कांहीं काळ परकीय भाषा शिकवीत राहिला, मग येल येथें वनविद्या शिकून सरकारी जंगलखात्यांत गेला. तिशी उलटल्यावर त्याचें मन धर्मकार्याकडे वळलें, व १९०८ ते १९११ या काळांत न्यूयॉर्कच्या यूनियन धर्मविद्यालयांत त्यानें अभ्यास केला. धार्मिक अनुभवाचें मानसशास्त्र हा त्याचा आवडीचा विषय; परंतु तो त्या काळीं पाळकाच्या शिक्षणांत कडेचा समजला जाई. नंतर खेड्यांतील मंडळ्यांची पाहणी, लहान गांवीं पाळकाचें काम, पहिल्या महायुद्धांत फ्रान्समध्यें सैनिकांची सेवा, अशीं त्याचीं वर्षें गेलीं. कोठेंच त्याचा जम बसला नाहीं. ज्या स्त्रीवर त्यानें तारुण्यापासून प्रेम केलें, तिनें त्यास कधीं होकार दिला नाहीं. या निराशेचें व आपल्याच मनांतील विकारांविषयींच्या लाजेचें ओझें तो वर्षानुवर्षें वाहत होता.

१९२० च्या ऑक्टोबरांत तो पुनः पाळकाचें काम मिळविण्याच्या तयारीस लागला. त्यासाठीं आपल्या धर्मानुभवाचें व श्रद्धेचें निवेदन लेखी देणें अवश्य होतें. तें निवेदन लिहीत असतांच त्याच्या मनाचा तोल सुटला. जगाचा अंत जवळ आला आहे, त्यांत आपणांस कांहीं भयंकर काम नेमून दिलें आहे, अशा कल्पनांचा लोंढा त्याच्यावर कोसळला. घरच्या माणसांनीं त्यास बोस्टन येथील मनोरुग्णालयांत व तेथून वेस्टबरो येथील सरकारी इस्पितळांत पोंचविलें. डॉक्टरांनीं आजारास जें नांव दिलें तें बरें होण्याची आशा फारशी ठेवणारें नव्हतें. पाळक म्हणून आपली श्रद्धा काय आहे हें कागदावर उतरवितांना हा मनुष्य वेडा झाला, ही गोष्ट ऐकून कोणी हंसेल. आमच्या मतें या सर्व इतिहासांत इतकी गंभीर गोष्ट दुसरी नाहीं. ग्रंथांनीं त्यास श्रद्धेचे शब्द दिले होते. त्या शब्दांखालीं जें सांठलें होतें, त्यासंबंधीं त्यास कोणी कधीं विचारलें नव्हतें.

झटका ओसरल्यावर बॉयझन आजूबाजूस पाहूं लागला. जंगलांत पाहणी करण्याची त्याची जुनी संवय येथें कामास आली. त्यास दिसलें तें असें कीं, डॉक्टर शरीराची काळजी घेत. परंतु रोग्याशीं बोलण्यास त्यांस वेळ नसे, आणि त्याच्या बोलण्यांत कांहीं अर्थ असेल असेंहि वाटत नसे. रविवारीं बाहेरचे पाळक येऊन उपासना चालवीत. त्यांस धर्म ठाऊक असेल, पण समोर बसलेलीं माणसें ठाऊक नव्हतीं. त्यांपैकीं एकानें प्रवचनासाठीं विषय घेतला तो पापास कारण होणारा डोळा उपटून टाकावा या ख्रिस्तवचनाचा! आपल्या सोबत्यांपैकीं एकदोघे हें अक्षरशः खरें मानून तसें करतील कीं काय, अशी धास्ती बॉयझनला वाटली. वचन पवित्र होतें व वक्ता सुशिक्षित होता. तरी वेड्यांच्या त्या सभेंत धोका ओळखणारा मनुष्य वेड्यांतच बसला होता. याच दिवसांत एका मित्रानें त्यास फ्रॉइडचीं व्याख्यानें पाठविलीं. त्यांतील सर्व मतें त्यास पटलीं नाहींत. पण वेडाच्या बोलण्यासहि अर्थ असतो, ही आपली समजूत अगदींच निराधार नाहीं, एवढा दिलासा त्यास मिळाला.

१९२२ च्या आरंभीं तो बाहेर पडला, आणि बोस्टन शहरानजीक अँडोव्हर व हार्वर्ड येथें पुनः विद्यार्थी झाला. येथें त्याची गांठ डॉक्टर रिचर्ड कॅबट यांच्याशीं पडली. मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलांत रोग्यांच्या घरच्या स्थितीची विचारपूस करणाऱ्या सेविका १९०५ सालीं नेमून घेणारे ते हेच कॅबट. वैद्यकाचा विद्यार्थी जसा रोग्याच्या उशाशीं उभा राहून शिकतो, तसा पाळकीचा विद्यार्थीहि एक वर्ष शिकला पाहिजे, असें त्यांनीं १९२५ सालीं एका लेखांत आग्रहानें प्रतिपादिलें. दरम्यान वुस्टर येथील सरकारी मनोरुग्णालयाचे अधीक्षक विल्यम ब्रायन यांनीं बॉयझनला १९२४ सालीं तेथील धर्मोपदेशक म्हणून नेमलें. तीन वर्षांमागें जो मनुष्य अशाच एका इस्पितळाच्या कुलपाआड होता, त्याच्या हातीं आतां किल्ल्या आल्या.

१९२५ च्या जूनमध्यें धर्मविद्यालयांतील चार विद्यार्थी उन्हाळ्यापुरते त्याच्याकडे आले. त्यांस वर्गांत न बसवितां त्यानें थेट रोग्यांच्या दालनांत परिचारक म्हणून उभें केलें. रोग्यांस न्हाऊं घालणें, भरविणें, फिरावयास नेणें, त्यांचें असंबद्ध बोलणें ऐकून घेणें, हा दिवसाचा अभ्यास. आणि जें पाहिलें व ऐकलें तें लिहून काढून त्यावर एकत्र चर्चा करणें, हा सायंकाळचा. एकेका रोग्याचें बालपण, घर, धंदा, लाजेच्या गोष्टी, देवाविषयींच्या कल्पना, आजाराचा आरंभ, हें सर्व जुळवून त्याचा वृत्तांत तयार करावयाचा. एकादी जुनी पोथी हातीं आली असतां पंडित जसा तिचा पाठ नीट लावल्यावांचून अर्थ सांगत नाहीं, तसें या माणसांपाशीं वागावें, असा त्याचा दंडक होता. त्यांस तो जिवंत मानवी दस्तऐवज म्हणे. ग्रंथांस त्यानें रजा दिली नाहीं. पाप, क्षमा, तारण हे शब्द ग्रंथांत ज्या अनुभवांवरून आले, ते अनुभव येथें उघड्या डोळ्यांनीं पाहावयास मिळतात, म्हणून दोन्ही ठिकाणें ताडून पाहावीं, एवढेंच त्याचें मागणें होतें. आरंभींच्या या विद्यार्थ्यांत हेलन फ्लँडर्स डनबार ही विदुषी होती. मनाच्या क्षोभाचे शरीरावर होणारे परिणाम या विषयावरील तिचा १९३५ सालचा ग्रंथ पुढें वैद्यकांत प्रसिद्धीस आला.

बॉयझनचा सिद्धांत त्याच्या १९३६ सालच्या ‘अंतर्जगाचें संशोधन’ अशा अर्थाच्या नांवाच्या ग्रंथांत सविस्तर आला आहे. मेंदूच्या उघड विकृतीनें होणारे आजार त्यानें वेगळे काढले. पण कांहीं तीव्र झटके असे असतात कीं, मनुष्याच्या जिवांत सांठलेला झगडा एकदांचा निकरावर येतो व मन तो सोडवूं पाहतें. त्यांतून कोणी सावरतो, कोणी कायमचा बुडतो. जॉर्ज फॉक्स व जॉन बन्यन यांच्यासारख्या धर्मपुरुषांच्या आयुष्यांतहि अशी रात्र येऊन गेली होती, हें त्यानें दाखविलें. त्याचें एक निरीक्षण फार महत्त्वाचें आहे: जो भ्यालेला आहे व स्वतःस दोषी मानतो, त्याच्याविषयीं आशा असते, जो सर्व दोष इतरांवर टाकून मनाचें दार लावून घेतो, त्याच्याविषयीं ती कमी. म्हणून दोषी वाटणाऱ्यास उगाच समजूत घालून गप्प बसविणें, किंवा उलट त्याच्या दोषाचें माप वाढविणें, दोन्ही अपायकारक. त्यास हवें असतें तें कोणी तरी न घाबरतां सर्व ऐकून घेणें.

हें काम फोफावलें. १९३० च्या जानेवारींत बोस्टन येथें या शिक्षणासाठीं एक मंडळ रीतसर नोंदविलें गेलें. त्याच वर्षीं बॉयझनची आई वारली, आणि नोव्हेंबरांत त्याचा जुना आजार कांहीं आठवडे उलटला. कॅबट हे मनाच्या आजाराचें कारण शरीरांतच असतें अशा मताचे. बॉयझनचा सिद्धांत त्यांस कधींच पटला नव्हता. आतां त्यांनीं आग्रह धरला कीं, या मनुष्यास विद्यार्थ्यांच्या शिक्षणांत भाग नसावा. ज्याच्या वेडांतून ही शाळा जन्मली, त्याच्या वेडामुळेंच तिचें दार त्यास बंद होऊं पाहत होतें. कॅबट हे निर्दय नव्हते. या कार्यास त्यांनीं आपलें वजन व पैसा दोन्ही दिलीं होतीं, आणि कोंवळ्या विद्यार्थ्यांची जबाबदारी ज्याच्या शिरावर आहे त्याची भीति अगदींच अनाठायीं म्हणतां येत नाहीं. तरीपण रोग्याजवळ शिकण्यासारखें कांहीं आहे, हें तत्त्व मान्य करणें आणि रोगी झालेल्या मनुष्यास गुरु म्हणून मान्य करणें, यांत केवढें अंतर असतें, हें या प्रसंगानें उघड केलें.

बॉयझन १९३२ सालीं इलिनॉय प्रांतांतील एल्जिन येथील मनोरुग्णालयांत गेला व तेथें त्यानें आपलें काम पुनः उभें केलें. १९३५ सालीं त्या प्रिय स्त्रीच्या मृत्यूनें आजारानें पुनः डोकें वर काढलें. तींतून तो उठला, व पुढील वर्षींचा आपला ग्रंथ त्यानें तिलाच अर्पण केला. १९६० सालीं त्यानें आत्मचरित्र लिहून आपल्या आजाराची हकीकत आडपडदा न ठेवतां छापली, आणि १९६५ सालीं एल्जिन येथेंच त्याचा अंत झाला. मागें चळवळीचे दोन तट पडले होते. न्यू इंग्लंडमधील तट सामान्य रुग्णालयांत, रोग्याशीं झालेलें संभाषण शब्दशः लिहून काढून तपासण्यावर भर देई. न्यूयॉर्कचा तट मनोरुग्णालयांवर. १९६७ सालीं हे व इतर गट एक झाले. बॉयझनचा विद्यार्थी स्यूअर्ड हिल्टनर यानें १९५८ सालच्या आपल्या ग्रंथांत या प्रत्यक्ष कामांतून ईश्वरविज्ञान कसें उभारतां येईल हें मांडलें. आज अमेरिकेंत पाळकीच्या पदव्युत्तर अभ्यासांत असें रुग्णालयांतील शिक्षण पुष्कळ ठिकाणीं आवश्यक मानतात, आणि काम करीत असलेल्या अनुभवी पाळकांसाठीं डॉक्टरेटची स्वतंत्र पदवीहि गेल्या शतकाच्या उत्तरार्धांत निघाली.

या यशांत एक धोका आहे, तो बॉयझनच्याहि लक्षांत आला होता. रोग्याशीं बोलण्याची कला हळूहळू तंत्र बनली. कसें बसावें, कसें ऐकावें, उत्तर कोणत्या शब्दांत द्यावें, याचे पाठ तयार झाले. आणि हा मनुष्य असा कां मोडला, त्याच्या मोडण्यांत जीवनाच्या अर्थाविषयीं कोणता प्रश्न आहे, ही बॉयझनची मूळ जिज्ञासा मागें पडली. त्याच्या सिद्धांताचीहि मर्यादा सांगितली पाहिजे. १९५० नंतर निघालेल्या औषधांनीं, व त्यापुढील संशोधनानें, अशा आजारांत शरीराचा व आनुवंशिकतेचा वांटा किती मोठा आहे हें दाखविलें आहे. आज कोणी औषध सोडून केवळ सांत्वनावर विसंबेल, तर तो अपराध होईल. या बाबतींत कॅबट यांचें म्हणणें सर्वस्वीं चुकीचें ठरलेलें नाहीं. परंतु औषधानें भास थांबले तरी ज्यास ते झाले त्यास आपल्या आयुष्याचा मेळ स्वतःच घालावा लागतो, आणि तेथें त्यास सोबती लागतो, हें बॉयझनचें म्हणणेंहि तसेंच उभें आहे.

आपल्या देशाशीं या इतिहासाचा संबंध नाहीं असें नव्हे. बंगाल्यांत श्रीरामपूर येथें कॅरी, मार्शमन व वॉर्ड यांनीं १८१८ सालीं महाविद्यालय काढलें. तें गांव तेव्हां डेन्मार्कच्या ताब्यांत होतें, व डेन्मार्कचा राजा सहावा फ्रेडरिक यानें १८२७ सालीं सनद देऊन त्यास पदव्या देण्याचा अधिकार दिला. मराठी वाचकांस कॅरीचें नांव परकें नाहीं. मराठी भाषेचें त्यानें केलेलें व्याकरण १८०५ सालीं छापून निघालें होतें. मात्र सनदेप्रमाणें ईश्वरविज्ञानाची पहिली पदवी दिली गेली ती १९१५ सालीं, म्हणजे अठ्ठ्याऐंशी वर्षांनीं. आज त्या सनदेखालीं देशभरचीं विद्यालयें चालतात व पाळकीय सेवा आणि समुपदेशन या विषयाचा पदव्युत्तर अभ्यासहि होतो. त्यांचें शिक्षण बव्हंशीं इंग्रजींतून चालतें. आणि रडणारा मनुष्य मात्र आपल्या आईच्या भाषेंत रडतो. लोकांस उपदेश करावयाचा तर आधीं त्यांच्या भाषेचें व्याकरण बसवावें लागतें, हें कॅरीनें ओळखलें होतें. दुःखाच्या भाषेसहि व्याकरण असतें व तें माणसांजवळ बसून शिकावें लागतें, असें बॉयझनचें सांगणें होतें. हे दोन्ही धडे एकत्र गिरविणें हें येथील विद्यालयांपुढें असलेलें काम आहे.

हा विषय ख्रिस्ती मंडळीपुरता आहे असें आमच्या वाचकांपैकीं कोणास वाटेल. परंतु मनाचा आजार झालेला मनुष्य कोणत्याहि धर्माच्या घरांत असतो, आणि आपल्या सुशिक्षित घरांतून त्यास माडीवरच्या खोलींत ठेवून त्याचें नांव पाहुण्यांपुढें न काढण्याची रीत अजून गेलेली नाहीं. सोयरिकी मोडतील, लोक काय म्हणतील, या भीतीनें आपण डॉक्टरकडे जाण्यास उशीर करतों. आणि तो मनुष्य जें बोलतो तें ऐकण्याचें तर कोणाच्या मनांतहि येत नाहीं. ज्यांचा जन्म ग्रंथ शिकविण्यांत गेला त्या आमच्यासारख्यांस तर हें प्रकरण विशेष विचार करावयास लावणारें आहे. वुस्टर येथील चार विद्यार्थ्यांस तो उन्हाळा संपतांना कोणती पदवी मिळाली नव्हती. दुसऱ्याचें बोलणें, तें कितीहि तुटक असलें तरी, शेवटपर्यंत ऐकून घ्यावें, एवढें मात्र ते शिकले होते. पदव्या देणाऱ्या आमच्या विद्यालयांत हा विषय अद्याप कोणत्याहि परीक्षेस नेमलेला नाहीं. त्यासाठीं विद्यापीठाच्या ठरावाची वाट पाहण्याचें कारण नाहीं. ज्या घरांत माडीवरची ती खोली आहे, त्या घरानें तो आजच अभ्यासास घ्यावा.